पित्ताच्या खड्यांचा रशिया दौरा

कोमास, लिमा
९ जून २०१८, सकाळी

सेनाइदाताई,

साखरेच्या डब्याखाली हा कागद सापडला, म्हणजे तू काढ्याची हातगाडी लावून घरी परत आलीस, पातेली घासून झाली आणि आता स्वतःसाठी कॉफी करायला घेतलीस. आधी कॉफी कर. मग बसून वाच. घाबरण्यासारखं काही नाही.

मी ऑपरेशनला निघालो आहे. इथल्या सरकारी दवाखान्यात नंबर लागायला ऑक्टोबर उजाडेल, म्हणून अरेकिपाच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे जातो आहे. पित्ताशयाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं तेओदोरो म्हणतो. तेओदोरोही सोबत येतो आहे. कोंबड्या विकणारा माणूस दुकानाला कुलूप लावून मित्राच्या उशाशी बसायला निघतो, यावरून त्याचं मन तुला कळेल. तू त्याच्याविषयी उगाच वाकडं बोलतेस.

डॉक्टरांनी तीन आठवडे मुक्काम सांगितला आहे. फोन लागणार नाही, कारण तिथे मशिनं असतात. भेटायला यायचं मनातही आणू नकोस. बसचा सोळा तासांचा प्रवास आणि तुझे ते गुडघे.

पोयादाबद्दल, माझ्या ऑपरेशनसाठी तू मांडलेल्या त्या तळलेल्या कोंबडीच्या जेवणाबद्दल, काय बोलू? दोनशे कार्डं तू दारोदार फिरून खपवलीस. प्रत्येक कार्डावर लाल अक्षरांत 'विल्फ्रेदोच्या पित्ताशयासाठी' असं छापलेलं, आणि गल्लीत एकानेही नाही म्हटलं नाही. नाही म्हणताच येत नाही म्हणा. आज मी तुमच्या आजारपणाची कोंबडी विकत घेऊन खाल्ली, तर उद्या तुम्ही माझ्या आजारपणाची खायची, ही आपली रीतच आहे. पण रविवारभर कढईपुढे उभं राहून दोनशे तंगड्या तळणं हे तुझंच काम. मी अंगणात पोट धरून बसलो होतो, ते सगळ्यांनी पाहिलंच. दुकानवाल्या एर्मेलिंदाबाईंनी तर दहा कार्डं घेतली आणि वर देवापुढे माझ्या पित्ताशयासाठी मेणबत्तीही लावली. त्यांना माझा नमस्कार सांग.

चाव्या कापायचं मशीन माझ्या दुकानात दिसणार नाही. दुरुस्तीला दिलं आहे.

आणखी एक. या दिवसांत टीव्हीवर फुटबॉलचा धुमाकूळ असणार. तू त्या वाटेला जाऊ नकोस. तुला त्यातलं काही कळत नाही, आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा तुझ्या रक्तदाबाला बरा नाही.

तुझा आजारी भाऊ,
विल्फ्रेदो


सारान्स्क, रशिया
१७ जून

ताई,

मी अरेकिपात नाही, हे तुला कालपासून माहीत आहे.

तू फोनवर मला बंद करून टाकलंस म्हणून हा कागद. कागद बंद करता येत नाही. आपल्याकडचा, त्रुहीयो गावचा एक दंतवैद्य उद्या परत निघाला आहे, त्याच्या हाती देतो. तो म्हणाला, रशियात येण्यासाठी त्याने बायकोला दातांच्या परिषदेला चाललोय असं सांगितलं होतं. तेव्हा असं करणारा मी एकटाच नाही, एवढं लक्षात घे.

एर्मेलिंदाबाईंचा निरोप मिळाला. त्यांनी लिहिलं होतं, "तुमचं पित्ताशय टीव्हीवर पाहिलं. तोंडाला लाल-पांढरा रंग फासून रडत होतं. ताईंच्या हातातला पेला खाली पडला. आमची मेणबत्ती परत करा." मी उत्तर लिहीपर्यंत त्यांनीही मला बंद केलं.

आता नीट सांगतो. अरेकिपाला गेल्यावर डॉक्टर म्हणाले की ऑपरेशनची घाई नाही, हवापालट करा, आणि योगायोगाने

नाही, हे खोडतो. अरेकिपात डॉक्टर नाहीत. असतील, पण माझे नाहीत. मला खडे नाहीत. जेवणानंतर जळजळ होते ती मात्र अगदी खरी आहे.

ताई, आपला संघ विश्वचषकात खेळून छत्तीस वर्षं झाली गं. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा आपण पोलंडकडून मार खाऊन घरी आलो, ते दुःख मी आजही विसरलेलो नाही. त्यानंतर आता. पुढच्या वेळी मी पन्नाशी ओलांडलेली असेल, आणि पुढची वेळ येईल कशावरून? तू म्हणशील, मग खरं सांगायचं. 'विल्फ्रेदोला मॅच बघायची आहे' असं कार्डावर छापलं असतं तर दोनशे सोडच, दोन तरी खपली असती का?

तिकिटांचं काही मी लबाडीने केलं नाही. मार्चमध्ये सोडतीत माझ्या नावावर तिन्ही सामन्यांची दोन-दोन तिकिटं लागली. दुसरं कुणाला द्यायचं हा प्रश्नच आला नाही. तेओदोरो तयार होता, त्याने कोंबड्या घाऊक भावात दिल्या, आणि पुरुषाला पुरुषाची सोबत बरी.

प्रवास म्हणशील तर लिमा, साओ पावलो, माद्रिद, इस्तंबूल आणि मॉस्को. स्वस्तातलं तिकीट असंच जातं. बावन्न तास. इस्तंबूलच्या विमानतळावर पाण्याच्या बाटलीची किंमत ऐकून तेओदोरोने ती परत फडताळावर ठेवली आणि नळाला तोंड लावलं. खर्चाची बेरीज मी करत नाही. केली तर मला खरोखरच ऑपरेशन लागेल. मशीन दुरुस्तीला नाही, विकलं आहे. ते तुला कधीतरी सांगायचंच होतं.

या गावात रशियन शोधावे लागतात, इतके आपले लोक आले आहेत. खोल्या कधीच संपल्या. गालिना पेत्रोव्ना नावाच्या एका निवृत्त गणिताच्या बाईंनी आम्हां सहाजणांना घरात घेतलं. मला बाल्कनी मिळाली. बाईंचा समज आहे की आम्ही एका उपाशी देशातून आलो आहोत. सकाळ-संध्याकाळ पावावर डुकराची खारवलेली चरबी, वर लसूण, मग खिम्याचे उकडलेले गोळे, त्यावर वाटीभर आंबट साय. नको म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो, आणि मला कुणाचा पडलेला चेहरा बघवत नाही.

काल राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा अख्खं मैदान रडत होतं. माझ्या पुढच्या ओळीतल्या एका पोलीस अधिकाऱ्याने वळून माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, मी त्याला ओळखतही नव्हतो. नेमका तेव्हाच कॅमेरा आला असणार. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि आपल्याला पेनल्टी मिळाली. आपल्या आठ नंबरवाल्याने ती वरून मारली. मग डेन्मार्कने एक गोल केला आणि आपण हरलो. तेओदोरोने मला तीनदा विचारलं, "हे ऑफसाइड म्हणजे काय रे?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा गोल झाला, आणि मी तो नीट पाहिलाही नाही. तुलाही समजावून सांगितलं असतं, पण तुला त्याचं काय?

रागावू नकोस म्हणत नाही. रागाव, पण फोन सुरू कर.

विल्फ्रेदो


येकातेरिनबुर्ग
२२ जून

ताई,

काल फ्रान्सने हरवलं. आपण स्पर्धेबाहेर. तिसरा सामना आता खेळायचा म्हणून खेळायचा.

सामना संपल्यावर कुणी जागचं हललं नाही. शेजारी एक गृहस्थ बसले होते, त्यांनी येण्यासाठी टॅक्सी विकली होती. त्यांच्या पलीकडच्याने लग्न पुढे ढकललं होतं आणि नवरी आता पुढे ढकललेल्या तारखेलाही तयार नव्हती. प्रत्येकजण आपण काय विकलं ते सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा मी मशीन म्हणालो. कोंबडीचं काही बोललो नाही. तेओदोरो सांगायला निघाला होता, त्याला मी कोपराने ढोसलं.

आता खरी गोष्ट. परवापासून माझ्या पोटात उजव्या बाजूला, बरगडीखाली कळ येते आहे. गालिना पेत्रोव्नांनी गाडीत खायला दिलेली चरबी संपवली आणि तासाभरात मी डब्यातल्या बाकावर वेटोळं होऊन पडलो. घाम फुटला. तेओदोरो शांतपणे सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. म्हणाला, "अरे, इथे कोण बघतंय? हे सगळं घरी गेल्यावर कर. आत्तापासून कशाला दमतोस?"

मी म्हटलं, "तेओदोरो, खरंच दुखतंय."

तो म्हणाला, "छान जमतंय. फक्त हात थोडा वर धर. पोयादाच्या दिवशी तू बेंबी धरून बसला होतास, मला तेव्हाच शंका आली होती की कुणीतरी ओळखणार."

कळ आपोआप गेली. जळजळच असेल. पण हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

काल तेओदोरोच्या बायकोचा फोन आला होता. ती म्हणाली की सकाळी तुझ्या गाडीवर लोक काढा प्यायला येतात आणि विचारतात, "काय सेनाइदाबाई, पित्ताशय कसं आहे? रशिया मानवला का त्याला?" आणि हसतात. म्हणाली, तू मान वर करत नाहीस. जवसाचा काढा ओततेस, लिंबू पिळतेस आणि सुटे पैसे देतेस. काही गिऱ्हाइकं पलीकडच्या कोपऱ्यावर जायला लागली आहेत.

हे मला सुचलंच नव्हतं गं. गल्ली माझ्यावर चिडेल, मला शिव्या देईल, एवढाच मी हिशेब धरला होता. पण कार्डं माझ्या तोंडाकडे बघून कुणी घेतली नव्हती. मी गेलो असतो तर लोकांनी दहा प्रश्न विचारले असते. तू गेलीस म्हणून कुणी काही विचारलं नाही. बत्तीस वर्षं तू त्या कोपऱ्यावर उभी आहेस आणि कुणाला कधी पाणी घातलेला काढा दिला नाहीस. ते सगळं मी एका रविवारात वापरून टाकलं. मला लाज वाटते.

हे पत्र पोस्टाने टाकतो आहे. तिकिटावर रॉकेट आहे, ते काढून शेजारच्या पोराला दे.

विल्फ्रेदो


सोची, दवाखान्यातून
२७ जून

ताई,

हसू नकोस. माझं पित्ताशय काढलं.

शपथ घेऊन सांगतो, म्हणजे माझ्या शपथेला आता काय किंमत आहे ते मला कळतं, म्हणून सोबत दवाखान्याचा कागद जोडला आहे. रशियनमध्ये आहे. कुणाकडून तरी वाचून घे. सात खडे निघाले. डॉक्टरीण बाईंनी ते एका छोट्या बाटलीत घालून माझ्या उशाशी ठेवले.

येकातेरिनबुर्गहून इथे आगगाडीने दोन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी कळ परत आली ती गेलीच नाही. माझे डोळे पिवळे झाले. तेओदोरो म्हणाला, "आता मात्र तू हद्द केलीस, डोळ्यांचं कसं जमवलंस?" मी गाडीत उलटी केली तेव्हा त्याचा विश्वास बसला. मग मात्र बिचारा स्टेशनवर हातवारे करत धावला, स्वतःचं पोट फाडल्याचा अभिनय केला, आणि पोलिसांनी आधी त्यालाच गाडीत घातलं. शेवटी दोघेही दवाखान्यात पोचलो. पंचवीस तारखेला ऑपरेशन झालं. सामने बघायला आलेला पाहुणा म्हणून त्यांनी माझ्याकडून एक रूबलही घेतला नाही. म्हणजे ताई, ज्या ऑपरेशनसाठी मी गल्लीकडून पैसे घेतले, ते फुकट झालं. हे कुणाला सांगायचं तेही कळत नाही.

काल तिसरा सामना होता. या गावातच. मी हलू शकत नव्हतो. मैदान इथून इतकं जवळ आहे की वॉर्डाच्या खिडकीतून त्याचं छत दिसतं. मी परिचारिकेला खुणेने टीव्ही लावायला सांगितलं. तिने लावला. पण एकाच वेळी दोन सामने चालू होते, आणि तिने लावला तो डेन्मार्क आणि फ्रान्सचा. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला तोच बघायचा होता, रिमोट त्याच्या उशीखाली होता आणि मला उठून बसता येत नव्हतं. ताई, मी तो सामना पूर्ण पाहिला. शून्य-शून्य. दोन्ही संघांना बरोबरी पुरत होती आणि ते एकमेकांना चेंडू देत फिरत होते. मधेच खिडकीतून एकदम असा गलका आला की काचा थरथरल्या. मला वाटलं काहीतरी कोसळलं. तो आपला गोल होता. छत्तीस वर्षांनंतरचा पहिला. आणि मी पडद्यावर एका डॅनिश माणसाला बुटाची नाडी बांधताना बघत होतो. मध्यंतरानंतर पुन्हा गलका झाला. तेव्हा मला कळलं आणि मी रडायला लागलो, तर टाके ओढले जाऊ लागले. परिचारिकेने दुखतंय समजून सुई दिली आणि मी झोपलो.

संध्याकाळी तेओदोरो आला. मी म्हटलं, "सांग. पहिला गोल कसा झाला? सगळं सांग."

तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. म्हणाला, "तू चिडणार नाहीस ना? मी सॉसेजच्या रांगेत होतो."

मी त्याच्याशी अजून बोललेलो नाही.

विल्फ्रेदो


कोमास, लिमा
तेओदोरोच्या दुकानाच्या माळ्यावरून
६ जुलै

ताई,

तुझ्यापासून तीन गल्ल्यांवर आहे. खाली कोंबड्या, वर मी.

मंगळवारी आलो तेव्हा दाराला आतून कडी होती आणि उंबऱ्याबाहेर माझी पेटी. पेटीतले कपडे धुतलेले आणि इस्त्री केलेले होते. ते बघून मला बरं वाटलं आणि मग जास्तच वाईट वाटलं. मी दार वाजवलं. तू आतून म्हणालीस, "काढा संपला." दुपारचे चार वाजले होते आणि मी काढा मागितला नव्हता.

मी रोज दोन तास फिरतो आहे. दोनशे कार्डं ज्या ज्या घरी गेली त्या प्रत्येक घरी जाऊन उभा राहतो आणि सांगतो की मी खोटं बोललो, सेनाइदाला यातलं काहीही माहीत नव्हतं. आधी हे सांगतो, मग सदरा वर करून पोट दाखवतो. एर्मेलिंदाबाईंनी चष्मा लावून चारही व्रण मोजले. म्हणाल्या, "म्हणजे आमची मेणबत्ती लागू पडली म्हणायची. पण देवाकडे आधी आजार मागून मग इलाज मागायची ही कुठली पद्धत?" मी त्यांना नवी मेणबत्ती नेऊन दिली. पलीकडचा शिंपी म्हणाला, "ते जाऊ दे रे. राष्ट्रगीताच्या वेळी मैदानात कसं वाटलं ते सांग." बहुतेक घरांत तेच विचारतात. खुर्ची देतात, चहा देतात आणि सांग म्हणतात. काल एका घरात तर मला जेवूनच जा म्हणाले, आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं आहे म्हटल्यावर उकडून दिलं.

माझी विचारणा एवढीच आहे. गल्लीने मला माफ केलं. ज्यांचे पैसे गेले त्यांनी माफ केलं. तुझ्या गाडीवरची गिऱ्हाइकं परत आली, हे मी कोपऱ्याआडून रोज बघतो. मशीन गेलं ते माझं गेलं. घर तुझं आहे, तू मला कधीच घेतलं नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. पण आणखी कशाचा राग आहे, ते तरी सांग. खोटं बोललो त्याचाच असेल तर तेही लिही. मी रोज येऊन माफी मागेन.

विल्फ्रेदो


कोमास
८ जुलै २०१८

विल्फ्रेदो,

तुझी पाचही पत्रं मिळाली. दवाखान्याचा कागद पॉलिक्लिनिकमधल्या एका डॉक्टरांनी वाचून दाखवला, ते तिकडे शिकलेले आहेत. खडे खरे होते हे मी मान्य करते.

तू विचारलंस म्हणून लिहिते. एकदाच लिहीन.

आधी तुझ्या चुका. डेन्मार्कविरुद्धची पेनल्टी सामना सुरू झाल्यावर थोड्या वेळाने नव्हती, मध्यंतराच्या तोंडावर होती. पंचांनी ती आधी दिलीच नव्हती, टीव्हीवर बघून मग दिली. फ्रान्सविरुद्ध दुसरा अर्धा वेळ पूर्ण आपण खेळलो, ते तुझ्या पत्रात कुठेच नाही, तू फक्त कुणी काय विकलं ते लिहिलंस. आणि पोलंडचं. १९८२ साली बावीस जूनला तू घरी नव्हतास, शाळेत होतास. संध्याकाळी आलास आणि बाबा रडताना बघून रडलास. सामना मी पाहिला. सतरा वर्षांची होते, शेजारच्यांच्या खिडकीबाहेर उभी राहून पाहिला. पाच गोल खाल्ल्यावर आपण एक मारला. तो मी पाहिला. त्यानंतर छत्तीस वर्षं आपला गोल नाही, आणि पुढचा गेल्या महिन्यात सव्वीस तारखेला आला, अठराव्या मिनिटाला. कॅप्टनने डावीकडून आत दिला आणि अठरा नंबरवाल्याने तो जमिनीवर पडूच दिला नाही, तसाच मारला. तोही मी पाहिला. एर्मेलिंदाबाईंच्या दुकानात, उभ्याने, हातात लिंबं होती. तू दोन्ही चुकवलेस.

तुला वाटतं मला यातलं काही कळत नाही. घरात टीव्ही बैठकीत आहे आणि मी स्वयंपाकघरात असते. मधलं दार मी आजवर कधी लावलं नाही. ते तू पाहिलं नाहीस. नोव्हेंबरात आपण न्यूझीलंडला हरवून पात्र ठरलो तेव्हा तू मला उचलून गोल फिरवलंस, आणि खाली ठेवल्यावर म्हणालास, "बियर आण." मी आणली.

आता तो दिवस. तुला टीव्हीवर पाहिलं तेव्हा मला राग आला नाही. खोटं बोललास हे कळायला मला थोडा वेळ लागला. त्याआधी मी तुझ्या शेजारची खुर्ची बघितली. तिथे तेओदोरो बसला होता आणि जांभई देत होता. पेला तेव्हा पडला.

दोन तिकिटं लागली होती. तूच लिहिलं आहेस, दुसरं कुणाला द्यायचं हा प्रश्नच आला नाही म्हणून. मला माझ्या गाडीवर लोक हसले त्याचं वाईट वाटलं, पण ते मी सोसलं असतं. तू खरं सांगितलं असतंस तरी कार्डं मी खपवली असती. तंगड्याही तळल्या असत्या. मला एकदा विचारलं असतंस तरी मी कदाचित नाहीच म्हटलं असतं, गुडघ्यांमुळे. पण विचारायला हवं होतंस. तू ऑफसाइड समजत नसलेला माणूस घेऊन गेलास, आणि अठराव्या मिनिटाला तू वॉर्डात होतास आणि तो सॉसेजच्या रांगेत. ती दोन्ही तिकिटं पैसे मोजून आणलेली होती आणि दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या दिवसापासून मला झोप लागत नाही. तुझ्या खोटेपणामुळे नाही. त्या खुर्च्यांमुळे.

झालं. आता पुढचं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये ब्राझीलमध्ये दक्षिण अमेरिकेची स्पर्धा आहे. मी जाणार आहे. पाच ऑगस्टला, रविवारी, पोयादा ठेवला आहे. कार्डं छापून आली. त्यावर 'सेनाइदाला सामने बघायला जायचं आहे' एवढंच लिहिलं आहे. एर्मेलिंदाबाईंनी दोनदा वाचलं, छापखान्याची चूक आहे का विचारलं, आणि मग दहा घेतली. तुझा अंदाज होता की असं छापलं तर दोनही खपणार नाहीत. कालपर्यंत एकशे चाळीस गेली.

मी त्या दिवशी तळणार नाही. मी अंगणात खुर्चीवर बसणार आहे. तळायचं तू. डॉक्टरांनी खायला मना केलं आहे, तळायला नाही. मसाला शनिवारी रात्रभर मुरायला हवा, म्हणून शनिवारी दुपारी ये. कडी काढलेली असेल. पेटी घेऊन ये, माळ्यावर कपड्यांना कोंबड्यांचा वास लागतो.

तिकिटं दोन मागणार आहे. दुसरं कुणाला द्यायचं ते अजून ठरवलेलं नाही. तेओदोरो काल येऊन विचारून गेला.

सेनाइदा